सादोचे ऋण : रशियन शिपाई-लेखकांनी मांडलेला हिशेब

इ. स. १८५२ चा जानेवारी महिना. कॉकेशस पर्वतापलीकडील तिफ्लिस शहरात तेवीस वर्षांचा एक रशियन तरुण कर्जाच्या विवंचनेत बुडालेला होता. तोफखान्यात भरती होण्यासाठी तो तेथे आला होता. आदल्या उन्हाळ्यात छावणीतील पत्त्यांच्या जुगारात क्नोरिंग नावाच्या अधिकाऱ्याकडून तो मोठी रक्कम हरला होता. रोख जवळ नसल्याने त्याने पाचशे रुबलांची चिठ्ठी लिहून दिली होती आणि आता तिची मुदत भरत आली होती. पैसा उभा करण्याचा मार्ग दिसेना. रात्री त्याने देवाची करुणा भाकली. सकाळी थोरल्या भावाचे पत्र हाती आले. त्या लखोट्यात त्याने लिहून दिलेली चिठ्ठी होती, आणि ती फाडलेली होती.

हे घडवून आणले होते सादो नावाच्या एका चेचेन तरुणाने. सादो रशियन छावणीत ये-जा करीत असे. त्याला आकडेमोड येत नव्हती. त्याचा फायदा घेऊन अधिकारी त्याला पत्त्यांत लुबाडीत. हे पाहून त्या रशियन तरुणाने सादोच्या वतीने स्वतः खेळायला बसण्याची तयारी दाखविली. तेवढ्या उपकाराने दोघे ‘कुनाक’ झाले. कुनाक म्हणजे शब्दाने बांधलेला मित्र. चेचेन रीतीप्रमाणे त्याच्यासाठी घरदार, घोडा, शस्त्र, प्रसंगी प्राणही द्यावयाचा. पुढे सादोने क्नोरिंगशी खेळून ती चिठ्ठी जिंकली आणि मित्राच्या भावाकडे नेऊन दिली. त्याने मोबदला मागितला नाही. आपल्या मित्राला आनंद होईल ना, एवढेच त्याने विचारले.

त्या रशियन तरुणाचे नाव लेव्ह टॉल्स्टॉय. पाचशे रुबलांचे ऋण एका सकाळी फिटले. परंतु त्याच दिवसांत त्याच्या खात्यावर दुसरे एक ऋण चढत होते. ज्या सैन्यात तो दाखल होत होता, ते सैन्य सादोच्याच लोकांची गावे जाळीत होते. ते ऋण फेडण्यास टॉल्स्टॉयला पन्नास वर्षे लागली आणि ते त्याने लेखणीने फेडले. रशियन साहित्यातील श्रेष्ठ युद्धकथांमागे असा हिशेब आहे. स्वतः शस्त्र हाती धरलेल्या माणसांनी तो मांडला, म्हणून त्याचे मोल अधिक.

छावणीतील वही

टॉल्स्टॉय कॉकेशसमध्ये आला तो १८५१ साली, तोफखान्यात अधिकारी असलेल्या निकोलाय या थोरल्या भावासोबत. शिक्षण अर्धवट सुटलेले, जमीनदारीत लक्ष नाही, जुगाराचे व्यसन जडलेले, अशी तेव्हा त्याची अवस्था होती. तेरेक नदीकाठच्या स्तारोग्लादकोव्स्काया या कझाक वस्तीत तो राहिला. इमाम शामिलच्या नेतृत्वाखाली डोंगरी लोक रशियन साम्राज्याशी लढत होते. रानेच्या राने तोडून वाट काढणे आणि गावांवर छापे घालून धान्य, गंजी, घरे पेटवून देणे, ही रशियन सैन्याची रीत होती. अशा एका छाप्यात टॉल्स्टॉय प्रथम स्वेच्छेने सामील झाला. पुढे तोफखान्यात रीतसर दाखल झाला. १८५३ च्या फेब्रुवारीत तो तोफेचा नेम धरीत असता शत्रूचा गोळा त्याच तोफेच्या चाकावर येऊन आदळला. हातभर अंतर चुकले असते, तर जगाला टॉल्स्टॉय मिळाला नसता.

या काळात त्याने एक वही ठेवली होती. दिवसभरात आपण कोठे आळस केला, कोठे खोटे बोललो, कोठे गर्व केला, कोठे जुगारात बसलो, याची नोंद तो करी. बेंजामिन फ्रँकलिनच्या पद्धतीप्रमाणे दोषांचे रकाने पाडून त्याने हा जमाखर्च मांडला होता. सायंकाळी प्रतिक्रमणास बसणाऱ्या घरांना ही रीत परकी वाटणार नाही. दोष नोंदवूनही दुसऱ्या दिवशी तेच दोष घडत, आणि तेही तो लपवीत नसे. पुढे त्याच्या कथांत जे निर्भय सत्य दिसते, त्याचा सराव या वहीत झाला.

‘छापा’ ही त्याची पहिली युद्धकथा १८५३ साली ‘सोव्रेमेन्निक’ या मासिकात प्रसिद्ध झाली. शौर्य म्हणजे नेमके काय, असा प्रश्न घेऊन एक तरुण लष्कराबरोबर निघतो. वाटेत सुंदर पहाट आहे, डोंगर आहेत, उत्साहाने भरलेला एक कोवळा अधिकारी आहे. गाव रिकामे सापडते. सेनापती हसत हसत लुटीची परवानगी देतो. घरांची छपरे मोडली जातात, धूर उठतो. परतताना तो कोवळा अधिकारी निष्कारण धाडस करून प्राण गमावतो. कथेत उपदेश नाही. तरीही सरकारी नियंत्रकाने तिच्यावर कात्री चालविली. ती छापून आली तेव्हा टॉल्स्टॉयला स्वतःची कथा ओळखू येईना.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ‘छापा’ रशियन बाजूने पाहिलेली आहे. ज्यांची घरे मोडली, ते लोक कथेत जवळजवळ नाहीत. तरुण टॉल्स्टॉयची नजर तोपर्यंत तेवढीच पोहोचली होती.

बारा रुबल

१८५४ च्या नोव्हेंबरात टॉल्स्टॉय क्रिमियातील सेवास्तोपोलला पोहोचला. इंग्रज, फ्रेंच आणि तुर्की फौजांनी या बंदराला वेढा घातला होता. तो सुमारे अकरा महिने चालला. याच वर्षी यास्नाया पोल्यानातील त्याचे जन्मघर विकले गेले. घेणाऱ्याने ते उकलून दुसऱ्या गावी नेऊन उभे केले. शिपायांसाठी एक स्वस्त नियतकालिक काढावे, असा टॉल्स्टॉय व त्याच्या सहकाऱ्यांचा विचार होता. पण झार निकोलस पहिला याने परवानगी नाकारली. १८५५ च्या जानेवारीत टॉल्स्टॉय दोन दिवस व दोन रात्री जुगारास बसला आणि घराच्या विक्रीचा पैसा घालवून बसला. ही लाजही त्याने वहीत नोंदविली. वसंतात तो सर्वांत धोक्याच्या चौथ्या बुरुजावर तोफेपाशी होता.

या अनुभवातून सेवास्तोपोलच्या तीन कथा निर्माण झाल्या. त्यांपैकी दुसरीत, मे महिन्याच्या कथेत, एक प्रसंग आहे. दोन अधिकारी जमिनीवर पालथे पडले आहेत. जवळच पडलेला बॉम्बगोळा गरगर फिरतो आहे, त्याची वात जळते आहे. स्फोट होण्यास एखादाच क्षण उरला आहे. त्या एका क्षणात प्रास्कुखिन नावाच्या अधिकाऱ्याच्या मनात काय येते? शेजारी पडलेल्या मिखाइलोव्हचे आपण बारा रुबल देणे लागतो, ही आठवण येते. पीटर्सबर्गमधील आणखी एक जुने देणे आठवते. असे किती तरी विचार क्षणात येऊन जातात. मग स्फोट होतो. आपण वाचलो असे मिखाइलोव्हला वाटत नाही, पण तो वाचतो. प्रास्कुखिन मरतो. बारा रुबल द्यावयाचे राहून जातात.

व्यापारी वाचकाच्या मनाला हा प्रसंग विशेष भिडावा. वृत्तपत्रांतील युद्धवर्णनांत मरणारा वीर देशाचे नाव घेत मरतो. टॉल्स्टॉयने दाखविलेला माणूस देणे-घेणे अपुरे ठेवून मरतो. मृत्यूच्या क्षणी मन कोठे गुंतलेले असते, हे असे दाखविणे केवळ कल्पनेने साधत नाही. गोळ्याच्या टप्प्यात राहिलेल्या माणसालाच ते दिसले.

याच कथेच्या शेवटी प्रेते उचलण्यासाठी तात्पुरता युद्धविराम होतो. दोन्ही बाजूंचे शिपाई एकमेकांशी हसून बोलतात, तंबाखूची देवाणघेवाण करतात. एक दहा वर्षांचा मुलगा त्या दरीत निळी रानफुले वेचीत फिरतो आहे. एका प्रेताचा ताठलेला हात तो पायाने हळूच ढकलून पाहतो. हात हलतो व पुन्हा जागेवर येतो. मुलगा किंचाळून, फुलांत तोंड लपवून किल्ल्याकडे धावत सुटतो. या कथेत खलनायक कोण आणि नायक कोण, असा प्रश्न लेखक स्वतःच विचारतो आणि सत्याखेरीज आपल्याला दुसरा नायक नाही, अशा अर्थाचे उत्तर देतो. नियंत्रकाने हीही कथा निर्दयपणे छाटली.

१८५६ अखेर टॉल्स्टॉयने लष्कर सोडले. परंतु लष्कराने त्याला सोडले नाही. ‘युद्ध आणि शांती’ या महाकादंबरीत निकोलाय रोस्तोव्ह हा तरुण घोडेस्वार एका फ्रेंच अधिकाऱ्यावर तलवार उगारतो. त्या शत्रूची निळी भेदरलेली नजर आणि हनुवटीवरची खळी त्याला दिसते आणि त्याचे अवसान गळते. या पराक्रमाबद्दल त्याला पदक मिळते. पदकाकडे पाहून त्याच्या मनाला मात्र स्वस्थता लाभत नाही.

ही कादंबरी लिहीत असतानाच, १८६६ साली, टॉल्स्टॉयने एका शिपायाचे वकीलपत्र घेतले. वासिली शाबुनिन हा पलटणीतील लेखनिक. छळाला कंटाळून त्याने कप्तानाच्या तोंडात मारली होती. यास्नाया पोल्यानाजवळच्या छावणीत लष्करी न्यायालय बसले. टॉल्स्टॉयने डोळ्यांत पाणी आणून बचाव केला. शिक्षा देहान्ताचीच झाली. राजदरबारी वजन असलेल्या आपल्या नात्यातील आत्याकडे त्याने दयेच्या अर्जासाठी पत्र धाडले, पण घाईत पलटणीचे नाव लिहावयाचे राहिले. मंत्र्याने पलटण कोणती, अशी पृच्छा केली. त्या विलंबात शाबुनिनला गोळ्या घातल्या गेल्या. उतारवयात टॉल्स्टॉयने कबूल केले की, मोठमोठ्या घटनांपेक्षा या एका घटनेचा परिणाम आपल्या आयुष्यावर अधिक झाला.

‘चार दिवस’

सेवास्तोपोल पडले त्याच वर्षी, १८५५ मध्ये, व्सेव्होलोद गार्शिन याचा जन्म झाला. हा लेखक आपल्याकडे फारसा परिचित नाही. पीटर्सबर्गच्या खाणविद्यालयातील हा हळव्या मनाचा विद्यार्थी. १८७७ साली रशिया-तुर्कस्तान युद्ध पुकारले गेले, तेव्हा तो परीक्षा सोडून साधा शिपाई म्हणून भरती झाला. त्याला युद्ध प्रिय नव्हते. खेड्यापाड्यांतून पकडून आणलेली गरीब पोरे मरणाच्या दारी जात असता आपण पुस्तकांत तोंड खुपसून बसणे, हे त्याच्या मनाला पटेना. ऑगस्टमध्ये बल्गेरियातील आयास्लारच्या लढाईत त्याच्या पायात गोळी घुसली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याची ‘चार दिवस’ ही कथा प्रसिद्ध झाली आणि बावीस वर्षांचा हा जखमी शिपाई रशियाभर माहीत झाला.

कथेला आधार सत्य घटनेचा होता. त्याच्याच पलटणीतील एक जखमी शिपाई प्रेतांमध्ये दिवसेंदिवस पडून राहिलेला सापडला होता. कथेतील इव्हानोव्ह हाही स्वेच्छेने आलेला शिपाई. झुडपांत समोर आलेल्या एका धिप्पाड तुर्की शिपायाला तो संगिनीने भोसकतो आणि लगेच स्वतः दोन्ही पायांना जखमा होऊन कोसळतो. शुद्धीवर येतो तेव्हा त्याचे सैन्य निघून गेलेले असते. शेजारी असते ते त्याने मारलेल्या माणसाचे प्रेत.

चार दिवस तो तेथेच पडून राहतो. डोक्यावर ऊन, घशाला कोरड, पायांत असह्य वेदना. प्रेताच्या कमरेला पाण्याची बाटली आहे. सरपटत, तासन् तास कष्ट करून, तो त्या प्रेतापर्यंत पोहोचतो आणि ते पाणी पितो. ज्याचा जीव घेतला त्याच्याच पाण्यावर त्याचा जीव तगतो. मग तो विचार करू लागतो. हा माणूस कोण? इजिप्तचा एखादा गरीब शेतकरी असावा. त्याला कोणी विचारले नाही. गलबतात घातले, कॉन्स्टँटिनोपलला आणले आणि पुढे पाठविले. त्याचीही म्हातारी आई दाराशी बसून वाट पाहत असेल. आपण युद्धास निघालो तेव्हा आपल्या छातीवर गोळ्या झेलाव्या लागतील एवढेच मनात आले होते. आपल्याला कोणाला तरी मारावे लागेल, हे मनात आलेच नव्हते. चौथ्या दिवशी त्याचे सोबती त्याला शोधून काढतात. एक पाय कापावा लागतो, तो जगतो.

अहिंसेचे विवेचन आपण ग्रंथांतून वाचतो, प्रवचनांतून ऐकतो. गार्शिनच्या कथेत विवेचन नाही. मारणारा आणि मेलेला यांना लेखकाने चार दिवस शेजारी ठेवले आहे. मेलेल्याला चेहरा मिळतो, गाव मिळते, आई मिळते. ‘शत्रू’ हा शब्द चौथ्या दिवसापर्यंत टिकत नाही.

पुढच्या एका कथेत गार्शिनने वेंट्सेल नावाचा कप्तान रंगविला. तो शिपायांना बेदम मारतो. शिपाई त्याचा द्वेष करतात. लढाई होते, जिंकली जाते. रात्री तोच कप्तान तंबूत जमिनीवर पडून हुंदके देत असतो आणि एकच आकडा पुन्हा पुन्हा उच्चारीत असतो : बावन्न. त्याच्या तुकडीतील बावन्न माणसे परतलेली नसतात. विजयाच्या बातमीत हा आकडा एका ओळीचा असतो. गार्शिनने तो माणसाच्या तोंडून रडविला.

जे लिहिले ते त्याने आचरूनही पाहिले. १८८० च्या फेब्रुवारीत म्लोदेत्स्की नावाच्या क्रांतिकारकाने सत्ताधीश काउंट लोरिस-मेलिकोव्ह याच्यावर गोळी झाडली. नेम चुकला, मारेकऱ्यास फाशी ठरली. त्या रात्री गार्शिन थेट लोरिस-मेलिकोव्हच्या घरी गेला आणि ज्याच्यावर गोळी झाडली गेली होती, त्याच्याकडेच त्याने मारेकऱ्याच्या प्राणांची भीक मागितली. काउंटने त्याला भेट दिली. तरीही फाशी टळली नाही. गार्शिनच्या दुबळ्या मनाला हा आघात सोसवला नाही. भ्रमिष्टासारखा तो रशियाभर भटकू लागला. त्या भटकंतीत, मार्च महिन्यात, तो यास्नाया पोल्यानास टॉल्स्टॉयच्या दारी पोहोचला. एक सेवास्तोपोलचा शिपाई, एक आयास्लारचा. दोघे त्या संध्याकाळी बराच वेळ बोलत बसले.

पुढील वर्षी क्रांतिकारकांनी झार अलेक्झांडर दुसरा याची हत्या केली. तेव्हा टॉल्स्टॉयने नव्या झारला पत्र लिहून, आपल्या पित्याच्या मारेकऱ्यांना क्षमा करावी, अशी विनंती केली. तीही मानली गेली नाही. पाच जणांना फाशी झाली. शाबुनिन, म्लोदेत्स्की आणि हे पाच, कोणाचाही जीव वाचला नाही. तरीही ज्यांनी युद्धात मरण पाहिले होते, त्यांनीच मारेकऱ्यांसाठी अभय मागितले, हे विसरता येत नाही.

गार्शिनची ‘सिग्नल’ ही कथा १८८७ ची. युद्धावरून परतलेला सेम्योन रेल्वेच्या रुळांवर पहारेकऱ्याची नोकरी करतो. अन्यायाने पेटलेला शेजारी वासिली एके दिवशी रूळ उखडून ठेवतो. गाडी येत आहे, हाती लाल निशाण नाही. सेम्योन आपल्या दंडावर सुरी चालवितो, रुमाल रक्तात भिजवितो आणि तो काठीला बांधून फडकवितो. रक्त वाहून तो कोसळतो, तेव्हा निशाण पडण्याआधी दुसरा हात ते उचलतो. तो हात वासिलीचाच असतो. गाडी थांबते आणि वासिली आपला अपराध स्वतः सांगतो. युद्धाची कथा सांगणाऱ्या लेखकाने शेवटी रक्ताचा उपयोग जीव वाचविण्यासाठी करून दाखविला. पुढच्याच वर्षी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, मनोविकाराच्या झटक्यात गार्शिनने आपले जीवन संपविले.

पन्नास वर्षांनंतर

या काळात टॉल्स्टॉय पुष्कळ बदलला होता. त्याने शिकार सोडली, मांसाहार सोडला. तूलाच्या कत्तलखान्यात जाऊन त्याने जनावरांचे हाल स्वतः पाहिले आणि ‘पहिली पायरी’ या निबंधात ते मांडले. त्याचे ‘देवाचे राज्य तुमच्या अंतरी आहे’ हे पुस्तक दक्षिण आफ्रिकेत तरुण मोहनदास गांधी यांच्या हाती पडले. आपल्या जीवनावर खोल ठसा उमटविणाऱ्या तीन आधुनिक पुरुषांत गांधीजींनी मुंबईचे जवाहिरी श्रीमद् राजचंद्र यांचे नाव घेतले आणि त्याच ओळीत टॉल्स्टॉय व रस्किन यांचे. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत टॉल्स्टॉय व गांधीजी यांचा पत्रव्यवहारही झाला. कॉकेशसच्या तोफेपासून सुरू झालेली वाट येथवर आली होती.

परंतु जुने खाते मिटावयाचे होते. १८९६ साली नांगरलेल्या शेतात चाकाखाली चिरडूनही उभे राहिलेले एक काटेरी झुडूप टॉल्स्टॉयने पाहिले आणि त्याला हाजी मुराद आठवला. शामिलचा हा शूर सरदार १८५१ च्या अखेरीस रशियनांना येऊन मिळाला होता. त्या वेळी तिफ्लिसमध्ये असलेल्या तरुण टॉल्स्टॉयने भावाला लिहिलेल्या पत्रात त्याच्या या कृत्याला नीच ठरविले होते. आता सत्तरीकडे झुकलेल्या टॉल्स्टॉयने त्याच माणसाची कथा लिहावयास घेतली. १९०४ पर्यंत तो ती पुनःपुन्हा लिहीत राहिला. ती छापली गेली त्याच्या मृत्यूनंतर, १९१२ मध्ये. तिच्यात मुरादविषयी तिरस्कार उरलेला नाही. मुलाबाळांना शामिलच्या कैदेतून सोडविण्यासाठी दोन सत्तांच्या कात्रीत सापडलेला एक पिता वाचकाला दिसतो.

या कथेत पुन्हा एक छापा आहे. त्यात बटलर नावाचा उमदा, जुगारी रशियन अधिकारी आहे. त्याला युद्ध काव्यमय वाटते. गावातील मृतांकडे तो पाहतच नाही. त्याच्यात वाचकाला तरुणपणीचा टॉल्स्टॉय ओळखू येतो. मात्र या वेळी लेखक सैन्याबरोबर परत जात नाही. तो गावात थांबतो. डोंगरात लपलेला घरमालक परत येतो. त्याच्या घराचे छप्पर कोसळले आहे, जर्दाळूची व चेरीची झाडे नासविली आहेत, मधमाश्यांची पोळी जाळली आहेत, गवताच्या गंजी राख झाल्या आहेत. गावाचे पाणी घाण करून ठेवले आहे, मशीदही. आणि त्याचा चमकत्या डोळ्यांचा लहान मुलगा पाठीत संगीन खुपसून मारला गेला आहे. गावकऱ्यांच्या मनात जे उठते, ते द्वेषाहून निराळे आहे. असे करणाऱ्यांना माणूस म्हणणेच त्यांना अशक्य होते.

‘छापा’ या कथेत जे लोक दिसले नव्हते, ते पन्नास वर्षांनी येथे उभे आहेत. त्या घरमालकाचे, त्या मुलाच्या पित्याचे नाव टॉल्स्टॉयने सादो असे ठेवले आहे.

ज्या मित्राने पाचशे रुबलांची चिठ्ठी फाडून परत पाठविली होती, त्याचेच हे नाव. पंच्याहत्तर वर्षांच्या लेखकाच्या हातून ते सहज पडले असेल, असे वाटत नाही. त्या चिठ्ठीच्या बदल्यात सादोने काही मागितले नव्हते. टॉल्स्टॉयने मात्र आपल्या वहीतील ती बाजू कोरी ठेवली नाही.